संत्र्याच्या पेटीतला दवाखाना

सत्यवतीच्या पोटात दोन गोष्टी टिकत नसत, शिळं वरण आणि दुसऱ्याची बातमी. हे तिची सासूच चारचौघांत सांगायची आणि सत्यवती त्यावर खुशाल हसायची. मोठी चौकस बाई. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईच्या पिशवीत काय आहे, हे कळल्याशिवाय तिचा प्रवास पुरा होत नसे. हेतू मात्र बिलकुल वाईट नाही. कुणाची निंदा नाही, कुणाचं वाईट चिंतणं नाही. माणसं कशी जगतात याचंच तिला भारी नवल, आणि ते नवल एकटीने पोटात ठेवून बसणं तिला जमत नसे.

अशा बाईला नोकरी मिळाली कुठे, तर होमिओपॅथीच्या दवाखान्यात. आता बोला!

१९७३ सालची गोष्ट. नागपुरात इतवारीच्या एका गल्लीत, किराण्याच्या जुन्या गोदामात एक धर्मार्थ दवाखाना चालायचा. लांबोडकं दालन, तीन टेबलं, तीन डॉक्टर. पहिल्या टेबलावर गणपतराव, रेल्वेतून रिटायर झालेले, पांढऱ्या मिश्यांचे आणि तापट. दुसऱ्यावर शोभाताई, कमी बोलणाऱ्या. तिसऱ्यावर मार्तंड, नवाकोरा डिप्लोमा घेऊन आलेला तरुण. दाराजवळच्या खोलीत खिडकीशी सत्यवती बसायची. आलेल्याचं नाव, गाव विचारायचं, नंबर द्यायचा, आणि बाहेरच्या बाकावर बसवायचं. जे टेबल मोकळं होईल तिकडे पुढचा पेशंट.

होमिओपॅथीच्या डॉक्टरांचं नुसत्या तापावर भागत नाही. तहान घोटाघोटाने लागते की तांब्याभर? घाम कपाळाला येतो की मानेला? वरून मीठ घेता का? स्वप्नात पाणी दिसतं की साप? रडताना कुणी समजूत घातली तर बरं वाटतं की राग येतो? खिडकीशी बसून हे प्रश्न ऐकताना सत्यवतीला वाटायचं, आपण उगीच चौथीत शाळा सोडली. हे असले प्रश्न विचारायचे आणि वर लोकांनी डॉक्टरसाहेब म्हणायचं, यापरता दुसरा चांगला धंदा नाही.

पण एक भानगड होती. प्रत्येक डॉक्टर ही उत्तरं आपापल्या डायरीत लिहायचा आणि डायरी आपापल्या पिशवीत घालून घरी न्यायचा. पंधरा दिवसांनी तोच पेशंट दुसऱ्या टेबलावर गेला की तहानेपासून सापापर्यंत सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून लोक आपल्याच डॉक्टरासाठी ताटकळत बसायचे. गणपतरावांच्या नावाने बाक भरलेला, आणि मार्तंड टेबलावरच्या माशा मोजतो आहे, असा रोजचा देखावा.

एका बुधवारी उमरेडहून भागीरथाबाई आल्या. घरी हातमागावर लुगडी विणणाऱ्या, पन्नाशीच्या, खणखणीत आवाजाच्या. मागच्या खेपेला त्या गणपतरावांपुढे बसल्या होत्या. त्या दिवशी गणपतराव काटोलला लग्नाला गेलेले. सत्यवतीने त्यांना मार्तंडकडे पाठवलं.

"काय होतंय, मावशी?" मार्तंडने विचारलं.

भागीरथाबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

"बोला ना."

"सारं सांगतलं ना गा मागच्या खेपेले."

"मला नाही सांगितलं."

"तुले कोण म्हणून राहिलं? या दवाखान्याले सांगतलं," भागीरथाबाई म्हणाल्या. "दोन घंटे सांगतलं. माही सासू कशी मेली थेबी सांगतलं. आता दवाखानाच इसरून गेला तं मी का करू?"

अख्खं दालन हसलं. सत्यवतीही हसली, पण नंबराची चिठ्ठी फाडताना तिचा हात मध्येच थांबला. बाई चूक कुठे बोलली? ती एसटीचं तिकीट काढून एखाद्या माणसाकडे आली नव्हती, दवाखान्याकडे आली होती. आणि दवाखान्याला तर डोकंच नव्हतं. डोकी होती तीन डॉक्टरांना, आणि ती संध्याकाळी सहा वाजता तीन वाटांनी आपापल्या घरी जात होती.

हे एकदा डोक्यात शिरलं ते निघेना. तिने पुठ्ठे गोळा केले. लुगड्यांच्या खोक्यांचे, जुन्या कॅलेंडरांचे, जे मिळतील ते. सगळे सारख्या मापाने कापले. भावाने काटोलहून संत्री पाठवली होती, ती लाकडी पेटी घासूनपुसून आणली. पेशंट एक, कार्ड एक. आला की खिडकीतून ते हातात द्यायचं, जाताना परत घ्यायचं. कुठल्याही टेबलावर बसा, डॉक्टर त्याच कार्डावर लिहिणार, मागचं वाचून पुढचं विचारणार, आणि संध्याकाळी सगळी कार्डं पुन्हा पेटीत.

"म्हणजे माझं लिहिलेलं हे पोरगं वाचणार?" गणपतराव उसळले.

"वाचायला येईल तेव्हा ना," मार्तंड म्हणाला. "तुमचं अक्षर लावायला आधी माणूस ठेवावा लागेल."

भांडण मिटलं ते शोभाताईंमुळे. "एक महिना करून पाहू," एवढंच त्या म्हणाल्या, आणि आपली डायरी उघडून पहिल्या पेशंटचं कार्ड लिहायला बसल्यासुद्धा. मग बाकी दोघांना मान खाली घालून लिहावंच लागलं.

महिन्याभरात दवाखान्याची तऱ्हाच बदलली. गणपतरावांचा बाक हलका झाला, मार्तंडच्या माशा उडाल्या. एखादा डॉक्टर आला नाही तरी कुणाचं अडेना. उमरेडच्या भागीरथाबाई तिसऱ्या खेपेला शोभाताईंच्या टेबलाशी गेल्या. शोभाताईंनी कार्ड पाहिलं आणि विचारलं, "सांजेला बरं वाटतं आणि उन्हात त्रास होतो, ते अजून तसंच आहे का?" भागीरथाबाईंनी दालनभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "आता आलं याले ध्यान."

सत्यवतीची तर चंगळच झाली. संध्याकाळी कार्डं गावांप्रमाणे लावायचं काम तिचं. लावता लावता ती एकूण एक कार्ड वाचायची. कामठीच्या फौजदाराला पालीची भीती वाटते! एका शेटजींना स्वप्नात रोज परीक्षेचा पेपर दिसतो! वाचायची, हसायची, कधी डोळे पुसायची, आणि सगळं घेऊन घरी जायची.

घरी रुपराव असायचे. तिचा नवरा. पंधरा वर्षं कामठीच्या पॉवरलूमवर काम करत होते. साडेसहाला बसने परत यायचे, हातपाय धुऊन दाराच्या चौकटीशी टेकून बसायचे, हातात चहाची कपबशी. सत्यवती शेगडीपुढे भाकरी थापायला बसायची, तोंड भिंतीकडे, आणि तिचं सुरू व्हायचं. दिवसभराचं सगळं, इथून तिथून. रुपराव मान डोलवायचे. ती हसून मागे वळली की तेही हसायचे.

कधी उत्तर भलतंच यायचं. ती म्हणायची, "आज दोघाही डाक्टरचं जुंपलं," आणि ते म्हणायचे, "हाव, उद्या आणतो." मग तिची चिडचिड. "ध्यान कुठी राहते हो तुमचं?" थकत असतील, आठ-दहा तास त्या मागांपुढे उभं राहणं काही सोपं नाही, अशी ती आपली समजूत घालायची. पण मनातून तिला लागायचं. तीन वर्षांत या माणसाने तिच्या बोलण्यावर स्वतःचा म्हणून एक प्रश्न विचारला नव्हता. आपण बोलतो आणि हा फक्त सहन करतो, असं तिला वाटायचं आणि वाईट वाटायचं.

दिवाळीच्या आधी शोभाताईंनी भागीरथाबाईंच्या कार्डावर दोन ओळी लिहिल्या. संध्याकाळी सत्यवतीने त्या वाचल्या. 'धागे दिसत नाहीत. सून मोजून देते, मग हाताने चाचपून विणते. सूतवाल्या मालकाला कळलं तर सूत देणार नाही, ही भीती.' त्याच्या वर मार्तंडचं होतं, 'दिव्याभोवती रंगीत गोल दिसतात.' त्याच्याही वर गणपतरावांचं ते उन्हाचं. तिघांनी तीन वेळा विचारलेलं एका पुठ्ठ्यावर एकाखाली एक आलं, तेव्हा शोभाताईंना उमगलं. खाली त्यांनी लिहिलं होतं, 'मोतीबिंदू असावा. गोळ्यांचं काम नाही. ऑपरेशनला पाठवायचं.'

त्या संध्याकाळी भाकरी थापताना सत्यवतीने हेही रुपरावांना सांगितलं, मोठ्या कळवळ्याने. "मालूम आहे का, थे बाई डोये असून आंधयी झाली नं बोटानं विणून राहिली!" रुपरावांनी मान डोलावली.

तीन आठवड्यांनी भागीरथाबाई आल्या. नंबर घेतला नाही. खिडकीशी उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत, तेच वाईट.

"मालकानं सूत बंद केलं," त्या म्हणाल्या. "माग रिकामा पडला. साऱ्या उमरेडले मालूम झालं का भागीरथेले दिसत नाही. मी बाहेर कोणाले सांगतलं नव्हतं, बाई. सुनेनं तोंड उघडलं नाही. या दवाखान्याले सांगतलं, बस."

 सत्यवती काही बोलायच्या आत आतून चंपतराव आले. हे ट्रस्टचे सेक्रेटरी. कडक इस्त्रीचे आणि कडक बोलण्याचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पेटीचं झाकण लावलं, आणि म्हणाले, "ही पेटी बंद. ज्याची त्याची डायरी ज्याच्या त्याच्याजवळ होती तेव्हा असं कधी झालं नाही. सोमवारी मीटिंगमध्ये ठरवू, पेटीचंही आणि तुमचंही. तोवर तुम्ही खिडकीवर बसायचं नाही. बाहेर बाकावर बसा, लोकांना रांगेत लावा."

नोकरी जाईल हे एक. पेटी जाईल हे दुसरं, आणि सत्यवतीला ते पहिल्यापेक्षा जड वाटलं. पण तिसरी गोष्ट या दोन्हींहून जड होती. कार्ड वाचणारी माणसं चारच, तीन डॉक्टर आणि ती. डॉक्टर कशाला सांगतील? सांगितलं असेल तर तिनेच. रुपरावांना. आणि कामठीच्या त्या शेडमध्ये उमरेडची पाच-सहा माणसं कामाला होती.

घरी गेली. शेगडी पेटवली. त्यांच्याकडे पाहून विचारायची हिंमत होईना, म्हणून भिंतीकडे पाहूनच विचारलं, "तुमी त्या उमरेडवाल्या बाईचं कोणाले सांगतलं का हो?"

"हाव," रुपराव म्हणाले.

"सांगतलं?"

"हाव ना."

आणि चहाचा घोट घेतला, जणू काही झालंच नाही. सत्यवतीच्या अंगाचा तिळपापड झाला. वाटलं, कपबशी हिसकावून फेकून द्यावी. पण गुन्हा आपलाही आहे, हे तिला कळत होतं, आणि त्याने राग जास्तच कडू झाला. ती काहीच बोलली नाही. भाकरी वाढली, बोलली नाही. आवरलं, बोलली नाही. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, त्या घरात इतकी शांतता कधी पडली नव्हती. रुपराव पुन्हापुन्हा तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. अर्धी भाकर ताटात तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी ती शोभाताईंपुढे जाऊन उभी राहिली. "ताई, मीच बोलली. घरी सांगतलं मी. माह्या मालकानं तिकडे कामठीले सांगतलं असन." डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

शोभाताईंनी पेन खाली ठेवलं.  "घरी सांगत होतीस हे चूकच," त्या म्हणाल्या. "पण तुझ्या नवऱ्याने कुणाला सांगितलेलं नाही."

"थे सोता हाव म्हणाले न!"

"तरीही नाही. हे मी खात्रीने सांगते. कशावरून, ते मला विचारू नकोस."

सत्यवतीला 'विचारू नकोस' म्हणणं म्हणजे काय, हे शोभाताईंना ठाऊक नव्हतं असं नाही. तिने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शोभाताईंनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

सत्यवती बाहेर बाकावर जाऊन बसली. नवल बघा, तीन वर्षांच्या नोकरीत ती त्या बाकावर पहिल्यांदाच बसत होती. खिडकीतून बाक दिसायचा नाही, नुसती डोकी दिसायची. चंपतरावांनी नवी कार्डं करायची बंद केली होती, पण ज्यांना आधीपासून गोळ्या सुरू होत्या त्यांची कार्डं काढून द्यावीच लागत होती. एक म्हातारा खिडकीतून आपलं कार्ड घेऊन आला आणि टेकला. त्याने कार्ड उलटं धरलं, सुलटं धरलं, आणि शेजारच्या माणसापुढे केलं.

"वाचून सांग ना गा, बावा. माह्याबद्दल का लिवलं?"

शेजारच्याने घसा साफ केला आणि चांगल्या खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. झोप, तहान, शौचाचं, सुनेशी पटत नाही त्याचं, सगळं. बाकावरच्या नऊच्या नऊ माणसांनी माना पुढे केल्या. म्हातारा मधूनमधून मान हलवत होता, "बराबर आहे, बराबर आहे." वाचून झालं तेव्हा पलीकडची एक बाई म्हणाली, "आता माहं वाच ना, भाऊ."

सत्यवती तोंडाला पदर लावून बसून राहिली. तिला हसूही येत होतं आणि रडूही. कार्ड वाचणारी माणसं चार नव्हती. बाकावर बसलेल्या सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक होतं, आणि हे रोज, तिच्या भिंतीच्या पलीकडे, चार हातांवर चाललं होतं.

शनिवारी ती एसटीने उमरेडला गेली. भागीरथाबाई रिकाम्या मागाशेजारी बसून लसूण सोलत होत्या, तेही चाचपून. सत्यवतीने विचारलं, "मावशी, तुमचं कार्ड तुमी कोणाकून वाचून घेतलं होतं का?"

"घेतलं ना. आपल्या गावचाच नत्थूजी होता संगं. त्यानं वाचून दाखवलं." मग भागीरथाबाईंचा हात थांबला. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर उजाडलं. "पण माह्याबद्दल का लिवलं, थे मले नको का मालूम व्हायले?"

"पाहिजे न," सत्यवती म्हणाली. "पाहिजेच."

खरं म्हणजे तिला तेवढं एक वाक्य ऐकायला एवढ्या लांब यावं लागलं, असंच म्हणायचं. परतीच्या बसमध्ये तिने शेजारणीच्या पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही.

सोमवारी मीटिंग झाली. चंपतराव खुर्चीत, तिन्ही डॉक्टर बाकावर, सत्यवती उभी. तिने आधी आपला गुन्हा सांगितला, की मी कार्डं वाचत होते आणि घरी बोलत होते, आता बोलणार नाही. मग बाकावरची गोष्ट सांगितली. गणपतराव कपाळावर हात मारून घेत म्हणाले, "अरे बापा! म्हणजे माझं अक्षर वाचणारा आहे कुणीतरी." कुणी हसलं नाही.

"डायऱ्याच बऱ्या होत्या," चंपतराव म्हणाले.

"डायऱ्या असत्या तर भागीरथाबाईंचा मोतीबिंदू तीन पिशव्यांमध्ये तीन तुकडे होऊन पडला असता," शोभाताई म्हणाल्या. त्या दिवशीचं त्यांचं हे सर्वांत लांब वाक्य. "पेटी वाईट नाही. कार्ड हातात देणं वाईट."

सत्यवतीने पदराच्या गाठीतून एक पत्र्याचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. तेलाच्या डब्याचा पत्रा, गोल कापलेला, कडा ठोकून बोथट केलेल्या, आणि खिळ्याने ठोकून पाडलेला आकडा. "पेशंटजवळ फक्त हा बिल्ला," ती म्हणाली. "कार्ड पेटीत. पेटी आत, तिन्ही टेबलांच्या मधात. बिल्ला दाखवला का डाक्टर स्वताच्या हातानं कार्ड काढन, लिवन, परत ठेवन. बिल्ला कोणी वाचला तं का वाचन? सत्तावीस! आणि ज्याले आपलं कार्ड ऐकायचं असन, त्याले डाक्टरनं हळूच वाचून दाखवायचं. त्याचं त्यालेच."

चंपतरावांनी बिल्ला उलटून पाहिला. दाताखाली धरून पाहिला, का ते देव जाणे. "किती करावे लागतील?" त्यांनी विचारलं, आणि सत्यवतीला कळलं की पेटी वाचली.

भागीरथाबाईंचं ऑपरेशन थंडीत झालं. त्याच्यासाठी गणपतराव स्वतः मोठ्या हॉस्पिटलात चार खेटे घालून आले. जाड भिंगाचा चष्मा लागला, आणि उन्हाळ्यात मालकाने सूत दिलं, पहिल्यांदा जाडंभरडं, मग नेहमीचं. पण ही पुढची गोष्ट.

त्या सोमवारीच संध्याकाळी सत्यवती कार्डांना आकडे घालायला बसली. तिन्ही डॉक्टरांनी आपल्याजवळ राहिलेली कार्डंही आणून दिली होती. ती आता नुसतं नाव पाहायची, आकडा घालायची, पालथं ठेवायची. खाली वाचायचं नाही, असं तिने कबूल केलं होतं आणि ती ते पाळत होती. शोभाताईंच्या गठ्ठ्यातलं चौथं कार्ड हातात आलं.

'रुपराव. वय ४२. कामठी, पॉवरलूम.'

तारीख गणेशचतुर्थीच्या आधीची. तेव्हा ती भाच्याच्या बारशाला चार दिवस काटोलला गेली होती. शोभाताईंनी ते कार्ड चुकून दिलं की मुद्दाम, हे सत्यवतीने पुढे कधीही विचारलं नाही.

वाचलं तिने. कुणी काय म्हणायचं ते म्हणा, तिच्या जागी असता तर तुम्हीही वाचलं असतं.

'डावा कान पूर्ण बंद. उजवा थोडा. तीन वर्षं. कानात सतत माग चालू असल्यासारखा आवाज. समोर तोंड असेल तर ओठांवरून समजतं. पाठ असेल तर काहीच नाही. घरी सांगितलेलं नाही. का, विचारलं. म्हणाले, बायको रोज संध्याकाळी दिवसभराचं सांगते. ऐकू येत नाही हे कळलं तर ती सांगायचं सोडून देईल. भीती कशाची? हीच.'

दालनात कुणी नव्हतं. सत्यवती कार्ड छातीशी धरून रडली. तीन वर्षं हा माणूस तिच्या पाठीकडे पाहत बसला होता. तिने त्याला ध्यान नाही म्हणून बोल लावले. त्याच्या एका 'हाव'वर त्याला चहाडखोर ठरवलं. आणि गेले पाच दिवस तोंड मिटून, त्याला ज्याची धास्ती होती नेमकं तेच केलं. तिला स्वतःचा इतका राग आणि त्याची इतकी माया एकाच वेळी कधी आली नव्हती. मग तिने डोळे पुसले, आकडा घातला, आणि कार्ड पालथं करून बाकीच्यांत ठेवलं.

घरी पोचली तेव्हा रुपराव चौकटीशी बसले होते. तिला आत येताना पाहून त्यांनी हळूच तिचा चेहरा न्याहाळला आणि मान खाली घातली.

सत्यवतीने शेगडी पेटवली. रोजच्यासारखी भिंतीकडे तोंड करून बसली आणि भिंतीलाच म्हणाली, "मले मालूम झालं. मी कार्ड वाचलं तुमचं. आता तुमाले कसं सांगू, मी तं आजच कबूल करून आली का कार्डातलं बोलणार नाही. पण मी बोलणं नाही सोडणार. कधीच नाही सोडणार, समजलं का?"

मागे कपबशीचा आवाज झाला. तिने वळून पाहिलं. रुपराव चहा पीत होते.

ती उठली. फडक्याने शेगडीचे कान धरले, ती उचलली आणि खोलीच्या मधोमध आणून ठेवली. भिंतीकडे पाठ केली, दाराकडे तोंड केलं, आणि बसली. दिव्याचा उजेड नीट तिच्या तोंडावर येत होता.

"काहून वं?" रुपराव म्हणाले. "शेगडी काहून हलवली?"

"तिकडे धूर होते," ती म्हणाली. अख्ख्या जन्मात तिने पोटात ठेवलेली ही पहिली गोष्ट.

मग तिने सांगायला सुरुवात केली. कुणाच्या तहानेचं नाही, कुणाच्या स्वप्नाचं नाही. स्वतःचं. चंपतरावांनी झाकण कसं लावलं, तिला बाकावर कसं बसवलं, उमरेडची बस कशी बंद पडली, बिल्ला कापताना बोट कसं कापलं. सावकाश, एकेक शब्द नीट तोंडाबाहेर काढत, तेही भाकरी थापता थापता. तिची ही नवी तऱ्हा पाहून रुपरावांच्या हातातला चहा गार होऊन गेला. ते तिच्या तोंडावरून नजर काढेनात. ती मीटिंगपर्यंत आली आणि भाकर उलटायला क्षणभर थांबली.

रुपराव पुढे वाकले.

"मंग पेटी राहिली का तुह्याजवळ?" त्यांनी विचारलं.

सत्यवतीच्या हातातली भाकर तव्यावर तशीच राहिली.  ते तिच्याकडे पाहत वाट बघत होते, काळजीने, उत्तर खरंच हवं असलेल्या माणसासारखे.

"राहिली," ती म्हणाली, आणि रुपराव पुढचं ऐकायला चौकट सोडून शेगडीजवळ सरकून बसले.